देवाला सांगितलेलं नाव

माणिकपूरला आमच्या संस्थेची पाटी होती, पण तिच्यावर काय लिहायचं यावर सिप्रियन सरांनी महिनाभर डोकं खाजवलं होतं. आजाराचं नाव नको, रुग्ण नको, पीडित तर नकोच नको. शेवटी 'बालक साहाय्य केंद्र' एवढंच रंगवून घेतलं. त्याचा परिणाम असा, की जून लागला की पालक जिना चढून यायचे आणि विचारायचे, आठवीच्या गणिताचा क्लास कितीला? मी सांगायची, क्लास नाहीत. मग ते माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायचे. क्लास नाहीत, दवाखाना नाही, बालवाडीही नाही, मग ही बाई दिवसभर पंख्याखाली बसून करते काय?

करायची ते असं. आईबापांकडून ज्यांना एचआयव्ही आला, अशा मुलांची ही संस्था. साल दोन हजार एक. त्या आजारावर गोळ्या निघाल्या होत्या, पण त्या मुंबईत, आणि ज्यांना परवडतील त्यांना. आमच्या मुलांना आम्ही दुधाची पावडर द्यायचो, वह्या द्यायचो, क्षयाची औषधं मिळवून द्यायचो. आणि त्यांचं नाव सांभाळायचो. बाकी सगळ्यात आमचा हात तोकडा पडायचा, नावाच्या बाबतीत मात्र आम्ही श्रीमंत होतो. सिप्रियन सर बँकेतून निवृत्त झालेले. खातेदाराचं काही काउंटरवर मोठ्यानं बोलायचं नाही, या एका वाक्यावर त्यांची अख्खी नोकरी गेली होती, आणि तेच वाक्य त्यांनी इकडे आणलं. प्रत्येक मुलाला नंबर. नावं एकाच वहीत, वही लोखंडी कपाटात, किल्ली सरांच्या खिशात. ऑफिसात बोलायचं ते नंबरानं. कॉम्प्युटरमध्येसुद्धा मी नंबरच टाईप करायची. तो कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नव्हता. मी तो बिघडवून बिघडवून शिकले. सर म्हणायचे, "लतिकाबाई, तुमच्या हाती सगळ्यात सुरक्षित. तुम्ही एकदा ठेवलेलं तुम्हालाच परत सापडत नाही."

घरभेटीला जायची फ्लॉसी. तिचं नि नंबरांचं कधी जमलं नाही. "एकतीसला खोकला झालाय, असं कसं म्हणायचं गो?" ती मला विचारायची. "तुरुंगात आहेत का लेकरं?" पण ऑफिसच्या बाहेर तिच्याइतकं घट्ट तोंड मी कुणाचं पाहिलं नाही. चांदीपला जायची ती भाजी घ्यायला. म्हणजे गावात तसं सांगायची. एसटीतून उतरायचं, चार घरी तोंडल्यांचा भाव विचारायचा, हुज्जत घालायची, आणि पाय दुखले म्हणत काशीरामबाबांच्या ओट्यावर टेकायचं. पिशवीत तळाशी दुधाच्या पावडरचा डबा, वर जुना टॉवेल. गावात तिला 'माणिकपूरची चिकट बाई' म्हणायचे, आणि तिच्या घरात तोंडलं म्हटलं की नवरा जेवणावरून उठायचा. त्या ओट्यामागच्या घरात राहायची रीमा. एकतीस म्हणजे ती.

रीमाचा बाप आधी गेला, मग आई. आजानं, म्हणजे काशीरामबाबांनी, तिला वाढवली. तिसरीत होती. छाती नाजूक आहे म्हणून औषध घ्यायचं, एवढंच तिला माहीत. गावालाही तेवढंच माहीत. शाळा चांदीपहून थोडी लांब, विरारच्या रस्त्याला. रोज सकाळी प्रार्थनेनंतर आजचा सुविचार वाचायचा मान तिचा होता. काशीरामबाबा सांगायचे, "घरात सुविचार, शेतावर सुविचार. बैलाला पन सोडत नाय." फ्लॉसी ओट्यावर बसली की तिलाही एक ऐकावा लागायचा. आमच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये शाळेसाठी असं वेडं झालेलं मूल मी दुसरं पाहिलं नाही. त्या पोरीची शाळा तिच्याजवळ राहावी, एवढंच आम्ही तिच्यासाठी करू शकत होतो, आणि ते तिचं नाव सांभाळण्यावर अवलंबून होतं.

ऑक्टोबरात रीमाला ताप आला तो उतरेना. तिला हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, बघू. डॉक्टरांचं 'बघू' आम्हाला तोपर्यंत कळायला लागलं होतं. फ्लॉसी रोज जाऊन यायची, ऑफिसात येऊन बसायची, समोर चहा तसाच निवायचा.

आणि मग एका सकाळी ती केक घेऊन आली. घरी केलेला, रव्याचा. ताप उतरला होता. रीमानं पेज मागून घेतली होती. सरांनीसुद्धा चष्मा काढून पुसला, आणि केकचा तुकडा घेतला.

"सगळ्या आळीनं मागितलं, सर," फ्लॉसी म्हणाली. "देव तरी किती वेळ कान बंद करून बसेल?"

सरांचा हात थांबला. "काय मागितलं आळीनं?"

ऑक्टोबर हा ख्रिस्ती लोकांच्या रोजरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा, महिना. मारियेची मूर्ती आळीत रोज एकेका घरी जाते. संध्याकाळी सगळी माणसं त्या घरी जमतात, गुडघे टेकतात, रोजरी म्हणतात, आणि शेवटी ज्याचा त्याचा हेतू मोठ्यानं सांगतात. कुणाच्या मुलाला गल्फचा व्हिसा, कुणाच्या सासूचा गुडघा. एकानं सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून मागायचं. मूर्ती फ्लॉसीच्या घरी आली, तेव्हा रीमाचा ताप सगळ्यात वर चढलेला होता.

"नाव घेतलंस?" सरांनी विचारलं.

"आजाराचं नाही घेतलं. मी काय वेडी आहे?"

"मुलीचं."

फ्लॉसी माझ्याकडे बघायला लागली. मी केकच्या बशीकडे बघायला लागले.

"नावाशिवाय कसं मागणार, सर? एकतीस नंबरला बरं कर, असं म्हणू? चांदीपची रीमा म्हटलं. आमच्या संस्थेतलं लेकरू म्हटलं. बस्स."

"आमच्या संस्थेतलं म्हटल्यावर आजाराचं वेगळं नाव घ्यायला कशाला लागतं, फ्लॉसी? तू काय काम करतेस ते तुझ्या आळीला माहीत आहे."

"आळी माझी आहे, सर."

"देवाला सांगायला घरभर माणसं कशाला लागतात? तो एकटीचं ऐकत नाही?"

"एकटीनं मागून झालं होतं," फ्लॉसी म्हणाली. "ऐकलं नव्हतं."

सरांनी केकचा तुकडा बशीत परत ठेवला. ते स्वतः रविवारचं चर्च न चुकवणारे. मी तर मधे पडलेच नाही. आमच्याकडे साध्या सत्यनारायणालाही भटजी आधी नाव-गोत्र विचारतात, तेही मोठ्यानं. नंबर सांगून कुठल्या देवाकडून काही मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्या संध्याकाळी फ्लॉसीच्या घरी गुडघे टेकलेल्यांत सालोमी होती. रीमाच्या वर्गावरची बाई. माणिकपूरहून रोज विरारच्या बाजूला जाऊन यायची. हे फ्लॉसीला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे ती पोर होती, बाकी कुणी नव्हतं. सालोमी वाईट नव्हती. तिनं त्या रात्री रीमासाठी घरी आणखी एकदा रोजरी म्हटली, असं मागाहून कळलं. मग तिला वाटलं, मुलगी बरी होऊन शाळेत येईल, तिला कवायतीला उन्हात उभं करायला नको. म्हणून तिनं मुख्याध्यापिकेला कानात सांगितलं. मुख्याध्यापिकेला वाटलं, बालवर्गाच्या सेविकेला सांगून ठेवावं, मुलगी पडली, खरचटलं तर. सेविका रीमाच्याच गावच्या बाजूची. जो तो काळजीनंच पुढे सांगत गेला.

रीमा शाळेत गेली तेव्हा सुविचार दुसरं कुणी वाचत होतं. मग पाण्याच्या पिंपाकडे जाऊ नकोस, घरून बाटली आण असं झालं. मग बाकावर शेजारी बसणारी मुलगी पुढच्या बाकावर गेली, तिच्या शेजारचीही गेली. फ्लॉसी तोंडली घ्यायला गेली तर चांदीपला कुणी भाव सांगेना. ओट्यावर रीमानं तिला विचारलं, "आंटी, मी वाचताना काय चुकली?" फ्लॉसीनं हे मला जिन्यात सांगितलं, वर येऊन नाही. वर सर होते.

नंतर मुख्याध्यापिकेनं काशीरामबाबांना बोलावून सांगितलं, मुलीला थोडे दिवस घरी ठेवा. किती दिवस, ते सांगितलं नाही.

सर मला घेऊन शाळेत गेले. बाईमाणूस बरोबर असलेलं बरं, म्हणाले. मुख्याध्यापिका बोलायला सौम्य होत्या. आमच्यासाठी पंखा वाढवला, चहा मागवला.

"सर, मी काही दुष्ट बाई नाही," त्या म्हणाल्या. "पण पालक येऊन उभे राहतात. आमच्या मुलांना याच्यातून काही झालं तर, म्हणतात. मी त्यांना काय सांगू?"

"शेजारी बसून, एका पेल्यातलं पाणी पिऊन हा आजार होत नाही, हे सांगा. मी डॉक्टर घेऊन येतो. पालकांची सभा बोलवा."

"सभा बोलावली तर ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाही कळेल." त्यांनी आवाज खाली आणला. "त्यापेक्षा तुम्ही एकच करा. माझ्यासमोर म्हणा, ही मुलगी तुमच्याकडची नाही. तिला तसलं काही नाही. मी उद्या तिला वर्गात बसवते. पालकांना तुमचं नाव सांगते. बँकेतला माणूस म्हटल्यावर ऐकतील."

मी सरांकडे बघितलं. एवढं सोपं होतं. त्या बाई स्वतःच दार उघडून उभ्या होत्या, आत जायला एक शब्द लागत होता, आणि तो खोटा आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना खरं नको होतं. त्यांना पालकांना सांगायला काहीतरी हवं होतं.

"कुठलं मूल आमच्याकडे आहे आणि कुठलं नाही, हे आम्ही सांगत नाही," सर म्हणाले. "कुणालाच सांगत नाही."

"म्हणजे आहे."

"म्हणजे आम्ही सांगत नाही."

चहा आला. आम्ही तो प्यालो. उकळून कडू झालेला होता.

रिक्षाची वाट बघताना मला राहवेना. "सर, एक 'नाही' म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"आज हिच्यासाठी 'नाही' म्हटलं, की पुढच्या वेळी ज्याच्यासाठी गप्प बसेन त्याचं 'हो' होईल. मग प्रत्येकासाठी खोटं बोलावं लागेल, आणि एक दिवस ते उघडं पडेल. तेव्हा सगळीच उघडी पडतील."

"पुढच्या वेळचं मूल अजून यायचंय. हे आलंय."

सरांनी येणाऱ्या रिक्षाला हात केला. आज विचार करते तेव्हा त्यांचं गणित बरोबर होतं असंच वाटतं. पण फ्लॉसी त्या खुर्चीवर असती तर डोळ्याची पापणी न हलवता 'नाही' म्हणाली असती, वर आईच्या गळ्याची शपथ घेतली असती, आणि रीमा दुसऱ्या दिवशी वर्गात बसली असती. जगाशी बेधडक खोटं बोलणारी ती बाई एका देवापुढे खरं बोलली. सरांना तर कुणापुढेच खोटं बोलता येत नव्हतं. आणि ती पोर या दोघांच्या मधे सापडली.

काशीरामबाबा ऑफिसात आले ते दिवाळीनंतर. भात झोडून झालं होतं, सदऱ्याला तूस चिकटलेलं. बसा म्हटलं तर उभेच राहिले.

"आमच्या पोरीचं नाव तुमच्याकडं कुठं लिवलंय, ते काढून टाका."

"बाबा, बसा तर खरं," सर म्हणाले. "झालं त्याची चूक आमची आहे. मी नाकारत नाही."

"चूक कोनाची ते मी इचारायला नाय आलो. गावात माझ्या इहिरीवर कोन येत नाय. धाकट्या लेकीकडचा जावई म्हनतो, पोरीला आमच्याकडं धाडा, पन तिकडं कोनाला कळता कामा नये. मी तिला घेऊन चाललो. कुठं ते इचारू नका."

दाराशी फ्लॉसी उभी होती. "बाबा, तिला औषध लागतं. खोकला परत सुरू झाला तर..."

"तू गप." ते तिच्याकडे न बघताच म्हणाले. "तुझ्या हातचं लय खाल्लं तिनं. ते इसरलो नाय. पन तू गप."

सरांनी विचारलं, तिकडच्या एखाद्या संस्थेला कळवू का? नंबरच कळवू, नाव नाही. बाबा म्हणाले, नको. तिकडच्या सरकारी डॉक्टरला बंद पाकिटात? नको. सरांनी कपाट उघडलं. वहीतलं पान फाडलं, नीट, पट्टी लावून, आणि बाबांच्या हातात दिलं. मला म्हणाले, कॉम्प्युटरमधलं एकतीसही काढा. मी काढलं. मग सरांनी एका कोऱ्या चिठ्ठीवर आमचा फोन नंबर लिहिला, दुसरं काहीच नाही, आणि म्हणाले, "हे ठेवा. वाटलं तर." बाबांनी पानाचे तुकडे करून कमरेला धोतराच्या घडीत खोचले. चिठ्ठी खिशात टाकली.

ते जिना उतरल्यावर फ्लॉसी सरांवर तुटून पडली. माग काढता येईल, जावयाचं गाव मला ठाऊक आहे, मी तोंडली नाहीतर वांगी घ्यायला जाईन. सर म्हणाले, जायचं नाही. ज्याचं नाव त्यानं परत मागितलं, आपण दिलं. आता ती आपल्याकडे नव्हतीच असं समजायचं.

"समजते," फ्लॉसी म्हणाली, आणि दोन दिवस कामावर आली नाही.

पोरगी खोकत असेल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. कुठे, तेही साधारण ठाऊक होतं. तरी आम्ही गेलो नाही, कारण आमच्यासारखी माणसं दारात दिसली की गाव विचारणार, हे कोण? आधी आम्ही तिचं नाव नीट सांभाळलं नाही, आणि आता इतकं सांभाळत होतो की तिच्यापर्यंत आमचं औषधही पोचू नये. सरांनी एकतीस नंबर पुढे कुणालाच दिला नाही. नवीन मूल आलं की शेवटच्या नंबराच्या पुढचा.

होळी झाली, ऊन तापलं, आणि एका दुपारी फोन वाजला. आतल्या तालुक्यातल्या एका हॉस्पिटलातून. डॉक्टर तरुण असावा, दमलेला.

"मॅडम, इथे एक मुलगी दाखल झालीय. आठ-नऊ वर्षांची. छाती भरलीय, उपचाराला दाद देत नाही. आजोबा काही बोलत नाहीत. आधीचं काही विचारलं की गप्प. आत्ता त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली, नुसता नंबर आहे. तुम्ही कोण बोलताय? तुमच्याकडे तिची काही माहिती आहे का?"

सर संस्थेच्या कामासाठी बँकेत गेले होते. फ्लॉसी समोर वह्यांचे गठ्ठे बांधत होती. माझा चेहरा बघून तिनं सुतळी सोडून दिली.

"आजोबांना फोन द्या," मी म्हटलं.

"अहो मॅडम, मला वेळ नाहीये..."

"त्यांना विचारल्याशिवाय मला काही सांगता येत नाही, डॉक्टर. एक मिनिट द्या."

फोनमधून वॉर्डचा आवाज येत होता. भांडी, कुणाचं तरी रडणारं मूल, खूप माणसं. मग श्वास ऐकू आला.

"बाबा, मी लतिका. माणिकपूरची. डॉक्टर विचारतायत. सांगू का?"

पलीकडे रिसीव्हरनं हात बदलल्याचा खरखर आवाज आला.

"सांगितलं तर दवा लागू होल?"

"योग्य दवा देता येईल. लागू होईलच असं मी नाही सांगत. पण आत्ता ते अंदाजानं देतायत."

मागे ते मूल रडतच होतं. ती रीमा नव्हती. रीमा रडण्यातली नव्हती.

"मंग सांगा," काशीरामबाबा म्हणाले. "पन हलू सांगा."

मी हळू सांगितलं. डॉक्टरला म्हटलं, हे फक्त तुमच्यापाशी ठेवा, तिकडच्या गावात कुणाला ठाऊक नाही, मुलीलाही नाही. त्यानं 'हो हो' म्हटलं. आधी कुठली औषधं झाली होती, कधी, ते मी सांगितलं. कॉम्प्युटरमधून काढलं होतं, डोक्यातून निघालं नव्हतं. तो लिहून घेत होता. 'थँक यू मॅडम' म्हणाला. त्याला घाई होती. फोन खाली ठेवण्याआधीच, रिसीव्हर हातात असतानाच, तो वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "सिस्टर, खिडकीजवळची ती मुलगी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. ग्लोव्हज घाला, आणि तिला तिथून हलवा."

त्यानंतर वॉर्डात जी शांतता झाली ती मला माणिकपूरला ऐकू आली. भांड्यांचा आवाजसुद्धा थांबला. मग फोन ठेवला गेला.

"सांगितलंस?" फ्लॉसीनं विचारलं.

"हो."

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. ती पदरानं वह्यांवरची धूळ पुसत राहिली, एकच वही, परत परत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. सरांना विचारलं नाही, त्यांनीही हटकलं नाही. निघताना मोसंब्यांची पिशवी तेवढी टेबलावर ठेवलेली दिसली. हॉस्पिटल बैठं होतं. वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या, खिडकीजवळची तेवढी रिकामी, गादी उलटून ठेवलेली. आम्ही काही विचारायच्या आत एका बाईनं हनुवटीनं बाहेर दाखवलं.

मागच्या व्हरांड्यात एकच खाट होती. शेजारी स्टुलावर तिची ताटली, तिचा पेला, त्याला लाल दोरा बांधलेला. औषध सुरू झालं होतं, सलाईन लावलेलं होतं. रीमाचा चेहरा एवढासा झाला होता. जावयाकडचं कुणी दिसलं नाही. काशीरामबाबा खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले होते.

रीमानं फ्लॉसीला ओळखलं. "आंटी, शाळा सुरू हाय?"

"सुट्टी लागली गो बाय. सगळ्यांनाच."

रीमाला ते पटल्यासारखं दिसलं. तिनं डोळे मिटले. फ्लॉसीनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला, उघड्या हातांनीच, आणि दारातून बघणाऱ्या नर्सकडे एकदा बघितलं. नर्स आत गेली.

मी बाबांच्या शेजारी बसले. मला म्हणायचं होतं, मी हळूच सांगितलं होतं. पण डॉक्टरचं ओरडणं त्यांनीही ऐकलं असणार; ते तिथेच उभे होते, फोनच्या पाशी. मोसंब्यांची पिशवी मी आमच्या दोघांच्या मधे ठेवली. ते समोर बघत होते, अंगणात कपडे वाळत होते तिकडे. मग त्यांनी रीमाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"आत लय कोंदट होतं," ते म्हणाले. "हितं वारा तरी येते."